अठ्ठेचाळीस झाकणं

३ तारीख, सोमवार

झाकणं धुतली. जन्मातली सगळ्यात मोठी चूक केली, आणि तीही साबण लावून.

नीट लिहायला हवं. आमच्या समुद्रजीव केंद्राच्या मागच्या खोलीत बाईंच्या अठ्ठेचाळीस बरण्या आहेत. बाई म्हणजे आमच्या शास्त्रज्ञ बाई. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी रोज नऊच्या ठोक्याला हजर. बरण्यांमध्ये सागरपिचकाऱ्या आहेत. हे नाव बाईंनीच पाडलं. धक्क्याच्या खांबांना, होड्यांच्या बुडाला चिकटून बसणारे हे पिशवीसारखे जीव. अंगावर जाड कातडीचा झगा आणि वर दोन तोंडं. एका तोंडातून पाणी आत घ्यायचं, गाळून खायचं ते खायचं आणि उरलेलं दुसऱ्यातून बाहेर सोडायचं. दाबलं की पिचकारी उडते. अठ्ठेचाळीस बरण्या, अठ्ठेचाळीस जाती आणि बाईंची तीस वर्षं.

केंद्राच्या साहेबांना त्या खोलीत बैठकीचं लांब टेबल टाकायचंय. त्यांनी वर लिहिलं. वरून उत्तर आलं की अठ्ठावीस तारखेला बाहेरचे परीक्षक येतील, मनाला येतील त्या दहा बरण्या उचलतील आणि नाव आणि आतला जीव जुळतो का ते बघतील. जुळलं तर संग्रह राहील. नाहीतर बरण्या रिकाम्या करायच्या.

मी इथली शिपाई, म्हटलं, खोली तरी चकचकीत दिसू दे. झाकणं काढून टबात भिजवली, तोवर बरण्यांवर बशा ठेवल्या. बरण्या खाली घेऊन फळ्या पुसल्या, बरण्या पुसल्या. झाकणं उन्हात वाळत घातली. काय सुंदर निघाली म्हणून सांगू! आणि मग एक झाकण हातात घेऊन बरण्यांसमोर उभी राहिले, आता हे कुणाचं? नावं आणि वर्षाचे खोदलेले आकडे फक्त झाकणांवर आहेत. आत चिठ्ठ्या होत्या, पण त्या कुणा शहाण्यानं पेनानं लिहिलेल्या. स्पिरिटनं शाई कधीच पिऊन टाकली.

सगळी झाकणं एकाच मापाची आहेत. मनाला येईल तशी लावून टाकली आणि घरी आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

४ तारीख, मंगळवार

दिवसभर चोराच्या मनात चांदणं. बाई आल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या, फळ्यांकडे तोंड करून म्हणाल्या, छान वास येतोय गं, साबणाचा. मला वाटलं आता संपलं. त्यांनी हात लांब करून एक बरणी उचलली, खिडकीकडे धरली. झाकणावर एक नाव आणि आत तिसराच गोळा. बाई म्हणाल्या, हं, हीच ती. आणि ठेवून दिली.

जीव भांड्यात पडला. पण बाईंनाही आता वय झालं म्हणायचं. पूर्वी त्या पाच पावलांवरून बरणी ओळखायच्या.

सांगून टाकावं का? सांगितलं तर बाई काही बोलणार नाहीत, आणि तेच मला सोसणार नाही. एकवीस वर्षांत त्यांनी एकदाही आवाज चढवलेला नाही. आणि साहेबांच्या कानावर गेलं तर बरण्यांच्या आधी मी बाहेर.

५ तारीख, बुधवार

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं.

परीक्षकांसाठी प्रत्येक जातीचं वर्णन लिहून द्यायचंय. बाई म्हणाल्या, मायक्रोस्कोपवर वाकलं की माझी पाठ भरते, तू बघ आणि सांग, मी बोलते ते लिही. मी म्हटलं, बाई, मी नववी शिकलेली. त्या म्हणाल्या, बघायला नववी पुष्कळ झाली.

मग मला सुचलं. म्हटलं, आपण खेळ करू. मी झाकण बाजूला ठेवते, नाव सांगणारच नाही. मला दिसतं ते सांगते, तुम्ही ओळखा. बाई इतक्या खूश झाल्या की मलाच लाज वाटली. टाळी वाजवली त्यांनी. म्हाताऱ्या माणसांना आपली हुशारी दाखवायला आवडते, दुसरं काय.

म्हणजे बाईच मला बरणीतल्या जिवाचं खरं नाव सांगणार आणि मी ते झाकण शोधून लावणार. कुणाला ताकास तूर लागायला नको. आज तीन झाली.

७ तारीख, शुक्रवार

माझ्या हातात सुरी चांगली बसते हे आज कळलं. मेणाच्या थाळीत जीव ठेवायचा, एका कडेनं कापायचा, वहीसारखा उघडायचा आणि टाचण्यांनी पसरायचा. वर निळ्या रंगाचे दोन थेंब टाकले की आतलं सगळं दिसायला लागतं. चिमटे यांचे आणले. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे घरात चिमट्यांना तोटा नाही. हे म्हणाले, माझ्या चिमट्याला मासळीचा वास आला तर गिऱ्हाईक काय म्हणेल? मी म्हटलं, म्हणेल घड्याळ भरती-ओहोटीवर लावलंय.

आत मोठी गाळणी असते. बाईंचं सगळं शास्त्र त्या गाळणीवर चालतं. मी तीन घराणी पाडली. एक दोन मजल्यांचे. यांची गाळणी वरच्या मजल्यावर आणि पोट खाली, बहुतेक सगळे चिकटून खोल्या करून राहणारे. दुसरे साधे, यांची गाळणी सपाट. तिसरे घडीवाले, यांच्या गाळणीला साडीसारख्या निऱ्या. बाईंच्या पुस्तकात या घराण्यांना लांबलचक नावं आहेत. माझी नावं ऐकून त्या म्हणाल्या, तुझीच बरी आहेत, निदान लक्षात तरी राहतात.

१० तारीख, सोमवार

चौदा झाली.

आज एक धक्का बसला. मी सहज म्हटलं, हे शिंपल्यांचेच भाऊबंद ना? बाई म्हणाल्या, पूर्वी भल्याभल्यांना तसंच वाटलं. पण यांचं पिल्लू बघ. बेडकाच्या पिल्लासारखं, शेपूट असलेलं, पोहणारं. त्या शेपटीत आधाराची एक दोरी असते, पृष्ठरज्जू. आपणही आईच्या पोटात असताना आपल्या पाठीत तशीच दोरी असते. पिल्लू थोडा वेळ पोहतं, मग डोकं टेकवून कुठेतरी चिकटतं आणि शेपूट, दोरी सगळं आतल्या आत जिरवून पिशवी होऊन बसतं. म्हणून म्हाताऱ्याकडे बघून नातं कळत नाही, बाळपण बघावं लागतं. शिंपल्यांपेक्षा हे आपल्याला जवळचे.

घरी यांना सांगितलं की धक्क्याला चिकटलेल्या त्या पिशव्या आपलं चुलत घराणं आहे. हे मान वर न करता म्हणाले, तुझ्या माहेरकडून असेल.

१२ तारीख, बुधवार

बाई आज आमच्या दुकानात गेल्या होत्या. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाची काच काढून द्या म्हणाल्या. काच बदलून नाही, काढूनच. काटे उघडे. यांनी काढून दिली. संध्याकाळी मला हे सांगितलं आणि नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, अहो, शास्त्रज्ञ माणसं अशीच असतात. हे म्हणाले, असेल बुवा.

या माणसाला कधी काही स्पष्ट बोलता आलं नाही.

१३ तारीख, गुरुवार

आज हसून हसून पोट दुखतंय. धक्क्यावर बुडवलेल्या दोरांवरून ताज्या पिचकाऱ्या आणल्या. त्यांना थेट औषधात टाकलं तर त्या आक्रसून बटाटा होतात आणि मग ब्रह्मदेवालाही ओळखता येत नाहीत. म्हणून आधी पाण्यात पुदिन्याच्या अर्काचे खडे टाकून गुंगवायचं. तेवढ्यात साहेब आले आणि हे काय, हे काय करत वाकले. मी एक उचलून दाखवली. ती दाबली गेली असेल, मी मुद्दाम केलं नाही. पाणी थेट चष्म्यावर. साहेब चष्मा पुसत म्हणाले, अठ्ठावीसनंतर हे सगळं बंद. बाई म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चुलतभावानं नमस्कार केला.

मला वाटलं होतं त्या हसणार नाहीत, समोर बसून सगळं बघितलं तर होतंच. पण मी सांगितल्यावर पाच मिनिटं हसत होत्या.

१७ तारीख, सोमवार

एकतीस.

गुरुवारी आणलेल्यातली एक पारदर्शक पिचकारी अजून जिवंत ठेवली होती. तिच्यात हृदय दिसलं. बाईंना सांगितलं की एक बारीक नळी लाटेसारखी हलतेय, डावीकडून उजवीकडे. मग ती थांबली. मला वाटलं, गेली बिचारी. आणि मग उलटी सुरू झाली, उजवीकडून डावीकडे! रक्त आलं तसं परत पाठवते. बाई म्हणाल्या, हो, ते तसंच असतं, थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे. परत सांग.

परत सांगितलं. चार वेळा सांगायला लावलं. डोळे मिटून ऐकत होत्या. माझ्यावर विश्वास नाही की काय! मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, बाई, खुर्ची सरकवते, तुम्हीच बघा ना एकदा. तर म्हणाल्या, नको, तुझं सांगणं छान आहे. आणि रुमाल शोधायला लागल्या. रुमाल समोरच होता.

१९ तारीख, बुधवार

मला आता हे आवडायला लागलंय, हे कबूल करायला हरकत नाही. सकाळी भांडी घासतानासुद्धा डोक्यात तेच. आतडं डावीकडे की उजवीकडे? तोंडातल्या मिशा साध्या की फांद्या फुटलेल्या? घडीवाल्यांत एका बाजूला चारपर्यंत घड्या आणि साध्या मिशा असल्या की स्टायेलाचं कुटुंब. घड्या जास्त आणि मिशांना फांद्या असल्या की दुसरी कुटुंबं. त्यातल्या मॉल्ग्युलाची गंमत म्हणजे उजव्या बाजूला घेवड्याच्या दाण्याएवढी एक बंद पिशवी. ते त्याचं मूत्रपिंड. तिला दारच नाही. आयुष्यभराची घाण आत साठवायची, बाहेर काही नाही. आमच्या ऑफिसच्या कपाटासारखी.

बाईंना पत्रं पण मीच वाचून दाखवते हल्ली. म्हणतात, छापणारे फार बारीक छापतात. आळस, दुसरं काय! पण एवढ्या मोठ्या बाईचा आळससुद्धा सोसायला बरा वाटतो.

२४ तारीख, सोमवार

सत्तेचाळीस जुळली. उरली एक बरणी आणि एक झाकण. उद्या शेवटची, की सुटले.

सुटले म्हणताना मनाला काही बरं वाटलं नाही. बाई आज म्हणाल्या, तुझ्यासारखी सरळ नजर मी पाहिली नाही. मी थाळी धुवायला घेतली.

२५ तारीख, मंगळवार

नाही जुळली.

बरणीत एकच जीव होता. लहान, आक्रसलेला, अंगाला वाळू चिकटलेली, कधी न कापलेला. मी विचारलं, एकच आहे, कापू? बाई म्हणाल्या, काप. न कापता जन्मभर ठेवून तरी काय करायचं?

कापला, उघडला, निळा थेंब टाकला. एका बाजूला सहा घड्या. मिशांना फांद्या. आणि उजवीकडे ती दार नसलेली पिशवी. बाई क्षणात म्हणाल्या, मॉल्ग्युला. उरलेल्या झाकणावर लिहिलंय स्टायेला.

घड्या तीनदा मोजल्या. सहाच. मग आधीच्या सत्तेचाळीसांत कुठेतरी घोळ झालाय म्हणावं, तर मॉल्ग्युलाच्याच दुसऱ्या जातीची बरणी उघडून बघितली, तिच्यात बरोबर आपला मॉल्ग्युलाच. चूक सापडेना. म्हणजे चूक माझ्या डोळ्यांत असणार. एक दिसत असताना दुसरंच सांगितलं असेन. आणि तसं असेल तर बाकीच्या सत्तेचाळीसांचा तरी काय भरवसा?

झाकण लावून टाकायला काही लागत नाही. एक फिरकी दिली की झालं. हातात घेऊन अर्धा तास बसले. परीक्षक नेमकी हीच बरणी उचलणार आहेत थोडेच? पण उचलली तर खोटं बाईंच्या नावावर जाईल. माझ्या नाही.

२६ तारीख, बुधवार

सांगितलं.

बाई आल्या आल्या सांगितलं, त्यांना छत्रीसुद्धा ठेवू दिली नाही. साबण, टब, ऊन, खेळ, सगळं. मान खाली घालून भडाभडा बोलले आणि रडले. शेवटी म्हटलं, बाई, मला घालवा, पण या एका बरणीचं काय ते सांगा. माझी नजर चुकली का?

बाईंनी हातानं चाचपत छत्री कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाल्या, "चार तारखेला मी तुझ्यासमोर बरणी उचलली होती. माझी बरणी, माझ्या हातानं भरलेली. झाकण दुसरंच आहे हे मला तेव्हाच कळायला नको होतं का?"

मी म्हटलं, हो, मलाही तेच नवल वाटलं होतं.

"मग का नाही कळलं?"

मी एकेक आठवत गेले. पाठ, पत्रं, घड्याळाची काच, समोरचा रुमाल. चार वेळा सांगितलेलं ते हृदय. मी एवढी मोठी गाढव आहे हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. माझी चोरी पचली ती माझ्या हुशारीनं नव्हे, बाईंना दिसत नव्हतं म्हणून पचली. आणि मी तीन आठवडे माझ्या नशिबाला शाबासकी देत होते.

दोन वर्षं झाली म्हणाल्या. मधलं सगळं धुकं, कडेकडेचं तेवढं दिसतं. चालता येतं, माणूस आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. डॉक्टर म्हणतात परत येणार नाही. साहेबांना कळलं तर दुसऱ्या दिवशी निरोप, आणि त्यांच्यामागे बरण्यांना वाली कोण? म्हणून लपवलं. म्हणाल्या, तू खेळ काढलास तेव्हा मला वाटलं, देवानंच पाठवली हिला. मी तुला फसवत होते, आणि तुझ्या पोटात काय चाललंय याचा मला पत्ताच नव्हता.

मग दोघी हसलो. रडलोही, पण हसणं जास्त.

आणि ती बरणी? बाईंनी झाकण हातात घेऊन खोदलेल्या आकड्यावर बोट फिरवलं. म्हणाल्या, हा बावीस वर्षांपूर्वीचा. एकच मिळाला होता, कापायचा जीव झाला नाही, वरून बघून नाव दिलं. घाईत औषधात टाकलेला, आक्रसलेला. "तुझी नजर चुकली नाही गं. माझी चुकली होती, डोळे धड असताना."

२७ तारीख, गुरुवार

यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, मला दुकानातच कळलं होतं. मग बोलला का नाहीत? तर म्हणे, बाई स्वतः सांगत नाहीत ते मी कोण सांगणार. दोन घटका अबोला धरला. मग त्यांनीच उद्यासाठी बारीक टोकाचा नवा चिमटा काढून दिला आणि मला बोलावंच लागलं.

बाई उद्या काय करणार आहेत ते सांगत नाहीत. मी म्हटलं, शेवटच्या झाकणावरचं नाव गुपचूप बदलू, कुणाला कळणार नाही, उद्याचा दिवस मी तुमच्या शेजारी उभी राहून निभावून नेते. त्या म्हणाल्या, बघू.

२८ तारीख, शुक्रवार

परीक्षक आले. उंच, शांत माणूस, सोबत स्वतःचं भिंग. साहेब मागे मागे. यादी उघडायच्या आत बाई उठून उभ्या राहिल्या आणि ती शेवटची बरणी त्यांच्यापुढे ठेवली.

म्हणाल्या, "दहा तुम्ही निवडा, पण अकरावी ही बघा. हिचं नाव मी बावीस वर्षं चुकीचं लावून ठेवलं होतं. चूक हिनं शोधली. मला आता मायक्रोस्कोपमधलं दिसत नाही, दोन वर्षं झाली. यादीतला प्रत्येक जीव हिनं बघितलाय आणि मी ऐकलाय. हे चालत नसेल तर आत्ताच सांगा."

मी थाळी पुढ्यात ओढली. साहेब म्हणाले, म्हणजे हे सगळं एका शिपाईबाईनं... आणि पुढचं गिळलं. परीक्षकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, दाखवा.

दाखवलं. घड्या मोजून दाखवल्या, मिशा दाखवल्या, पिशवी दाखवली. त्यांनी विचारलं, हिला काय म्हणता? मी घाबरून म्हटलं, कपाट. ते हसले नाहीत, विचारलं का, मी सांगितलं, तेव्हा मात्र हसले. मग दहा बरण्या उचलल्या. मी एकेक उघडून सांगत गेले, ते भिंगातून बघत गेले. दोन तास लागले. दहाही बरोबर. नवव्या बरणीला त्यांनी मला अडवलं, आतडं उजवीकडे आहे म्हणाले. मी म्हटलं, थाळी उलटी धरलीत, सर. त्यांनी थाळी फिरवली आणि मान डोलावली.

जाताना लिहून दिलं की संग्रह इथेच राहील, आणि पुढचं काम या दोघींनी मिळून करावं. साहेबांना त्याखाली सही करावी लागली.

सगळे गेल्यावर बाई खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, आता सांग, सही करताना साहेब कसे दिसत होते? दिसलं तेच सांग.

मी सांगितलं. दोन्ही तोंडं घट्ट मिटलेली. अंग आक्रसलेलं. कपाळावर एका बाजूला पाच घड्या. मिशा साध्या. रंग लालसर, कडेनं जांभळट. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू चाललं होतं. वहीत घे म्हणाल्या. घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "आणि माझा चेहरा? मला आरशातला दिसत नाही हल्ली."

मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि नीट बघितलं. सांगितलं, दमलेला आहे. डोळ्यांखाली काळं आलंय. ओठ थरथरतायत, पण ते हसल्यामुळे. सकाळी आलात त्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसताय.

बाई म्हणाल्या, दहा जास्त होतात, पाच लिही.

मी पाच लिहिलं.